डिमेन्शियाचा शेवटचा टप्पा: आधी काय ठरवून ठेवायचं

डिमेन्शियाचं निदान झालं की पहिलं वर्ष गोळ्या, शब्दकोडी, बदाम-अक्रोड आणि कुणीतरी खात्रीने सांगितलेलं ब्राह्मी घृत यांत निघून जातं. हा आजार शेवटी कुठे नेतो हे घरात कुणी विचारत नाही, आणि डॉक्टरही सहसा आपणहून विषय काढत नाहीत. कॅन्सरच्या पेशंटला बहुधा शेवटच्या दिवसांपर्यंत विचारता येतं, "आई, तुला काय हवंय?" डिमेन्शियात हा प्रश्न विचारायची मुदत फार लवकर संपते. म्हणून शेवटाची तयारी सुरुवातीलाच करावी लागते, आई अजून आपल्याशी हुज्जत घालू शकते तोवर.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यातले बहुतेक जण घरीच सांभाळले जातात, आणि सांभाळणारी असते सून, मुलगी नाहीतर स्वतःच सत्तरी गाठलेला जोडीदार. हा लेख त्यांच्यासाठी आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांना काय विचारायचं, हे ठाऊक असलं की निम्मं काम होतं.

पायरी १. शेवट कसा दिसतो ते समजून घ्या

डिमेन्शिया हा नुसता विसरण्याचा आजार नाही. मेंदू हळूहळू शरीराचीही कामं सोडत जातो. आधी पैसे आणि रस्ते, मग कपडे घालणं, आंघोळ, लघवी-संडासवरचा ताबा. त्यापुढे बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एखाद्या शब्दावर. चालणं थांबतं, बसवलं तर एका बाजूला कलणं सुरू होतं, हसू जातं आणि मान धरता येत नाही. गिळण्याचे स्नायू बिघडले की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. मृत्यू बहुधा या वाटेने येतो: खाणं कमी, पुन्हा पुन्हा ताप, छातीत कफ, बेडसोर म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ५५ टक्के रुग्णांचा त्या काळात मृत्यू झाला, आणि सुमारे ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याची अडचण आली. म्हणजे घरात जे संकट "अचानक" येतं, ते खरं तर जवळजवळ ठरलेलं असतं. त्याची तारीख तेवढी सांगता येत नाही.

पायरी २. बोलता येतंय तोवर बोलून घ्या

"तुम्हाला शेवटी काय हवं?" असं थेट विचारलं की बहुतेक आजी-आजोबा "देवाच्या मनात असेल ते" म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा दुसऱ्याच्या निमित्ताने विषय काढावा. शेजारचे काका महिनाभर आयसीयूत होते, गावाकडची मावशी घरीच गेली. अशा गप्पांत माणूस आपलं मत बरोबर सांगतो. मग खोदून विचारा. "मला नळ्या लावू नका" म्हणजे नेमकं काय? सलाईन चालेल का? नाकातली नळी? गळ्याला भोक पाडून घातलेली? "मला कुणावर ओझं व्हायचं नाही" हे वाक्य तर फारच निसरडं आहे. त्यातून "मला वृद्धाश्रमात ठेवा" असाही अर्थ निघतो आणि "मला घरातून हलवू नका" असाही.

उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहा. जमल्यास मोबाइलवर चित्रित करा. कायद्याच्या दृष्टीने त्याचं वजन किती, हा वेगळा मुद्दा. पण पुढे भावंडांत जुंपली की आईच्या तोंडचं दोन मिनिटांचं बोलणं भलतं कामाला येतं.

सकाळची वेळ निवडा. संध्याकाळी गोंधळ वाढतो, हे या घरांना वेगळं सांगायला नको. आणि एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका.

पायरी ३. कागद

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासोबत आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विलही. आधीची प्रक्रिया इतकी किचकट होती की तिच्या वाटेला फारसं कुणी जात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावं लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकन करून घ्यायचं.

मजकुरात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. कोणत्या स्थितीत, कोणते उपचार नकोत, आणि स्वतःला सांगता येईनासं झाल्यावर कुणी बोलायचं. एकाहून जास्त नावं देता येतात. माझं मत विचाराल तर दोनच द्या, क्रमाने द्या, आणि पहिलं नाव त्याच शहरात राहणाऱ्याचं ठेवा. एक प्रत त्या व्यक्तीकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले गेले. तुमच्या महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. काउंटरवर "असलं काही नसतं" असं उत्तर मिळालं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली.

अट एकच, आणि तीच कळीची: सही करणारा शुद्धीत आणि समजत्या मनाने सही करत असला पाहिजे. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे ही समज त्याच दिवशी गेली, असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला आपण काय लिहितोय ते कळतं. मात्र त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी डॉक्टरांकडून "निर्णय घेण्याची क्षमता आहे" असं लेखी घेऊन ते इच्छापत्राला जोडा. उशीर झाला असेल तर आई-वडिलांच्या नावाने तुम्ही लिव्हिंग विल करू शकत नाही. तेव्हाही वाट अगदी बंद होत नाही. रुग्णालयात उपचार थांबवायचे असतील तर लिव्हिंग विल असताना जी दोन वैद्यकीय मंडळांची, म्हणजे डॉक्टरांच्या समित्यांची, प्रक्रिया होते तीच जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने होते: आधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ, मग दुय्यम. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं न्यायालयाने म्हटलंय. जीव घेण्यासाठी औषध देणं भारतात गुन्हाच आहे. त्याचा या कशाशी संबंध नाही.

पैशांचे कागद याच फेरीत उरका. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मूळ व्यक्तीचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिमेन्शियाच्या रुग्णांच्या मुलांना असं पालकत्व दिलेलं आहे, पण वकील, वैद्यकीय तपासणी आणि वेळ हे सगळं त्यात आलं. त्यापेक्षा आत्ताच खातं "दोघांपैकी कुणीही" असं करून घ्या, वारस-नोंद तपासा, मृत्युपत्र नोंदवा. सही जमेनाशी झाली तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्यावरही खातं चालवता येतं, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र आता पोस्टमनकरवी घरबसल्या होतं.

पायरी ४. चार प्रसंग आधीच ठरवा

पहिला आणि सगळ्यात अवघड प्रसंग नाकातल्या नळीचा. आई घास तोंडात धरून बसते, गिळत नाही, ठसका लागतो. वजन उतरतं. न्यूमोनिया होऊन रुग्णालयात नेलं की तिथे कुणीतरी म्हणतं, "राइल्स ट्यूब टाकू या, पोटात तरी जाईल." नकार द्यायची हिंमत कुणाची होणार? आपल्याकडे जेवू घालणं म्हणजेच माया. पण प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो याचा पुरावा नाही. उलट बेडसोर वाढण्याचा धोका असतो, लाळ आणि पोटातलं वर आलेलं फुप्फुसात जातंच, आणि रुग्ण नळी ओढून काढतो म्हणून हात बांधावे लागतात. पलंगाच्या कठड्याला गॉझपट्टीने बांधलेले ते हात एकदा पाहिले की नळीचा विचार वेगळ्या अंगाने होतो. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्टच म्हटलंय की प्रगत डिमेन्शियात नळी सुचवू नये, हाताने सावकाश भरवावं. स्ट्रोकनंतर किंवा तात्पुरत्या आजारात नळीचा उपयोग होतो; तो प्रश्न निराळा. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हेच: "ही किती दिवसांसाठी? कशासाठी? काढायची कधी?" तिन्हींचं उत्तर धड येत नसेल तर थांबा.

भरवायचं कसं? पाठ सरळ, शक्य तितकं नव्वद अंशात बसवून, हनुवटी किंचित खाली. आपण समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं; उभं राहून भरवलं की मान वर जाते आणि ठसका लागतो. चहाचा चमचा, तोही अर्धा. गुरगुट्या भात, नाचणीची खीर, घट्ट वरण, कुस्करलेलं केळं. पातळ पाणी बऱ्याचदा जास्त ठसकतं, म्हणून पाणी घट्ट करायची पावडर मिळते. ती द्यायची का, किती, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना विचारा. एक घास गिळल्याची खात्री, मग दुसरा. तोंडात उरलेलं बोटाला ओला कपडा गुंडाळून काढा. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. डायबिटीसचं, कोलेस्टेरॉलचं पथ्य या टप्प्यावर सैल करायला हरकत नसते. श्रीखंड आवडतं, तर श्रीखंड. साखरेच्या गोळ्यांचा डोस मात्र खाणं घटल्यावर डॉक्टरांकडून तपासून घ्याच, कारण साखर एकदम उतरणं जास्त घातक.

दुसरा प्रसंग तापाचा. प्रत्येक तापाला रुग्णालय हवंच असं नाही. तोंडाने अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल, गार पट्ट्या आणि घरचं अंथरूण, हाही उपचारच आहे. रुग्णालयात नवी जागा, नवे चेहरे, रात्रभर दिवे यांनी भ्रम वाढतो आणि बरेच रुग्ण आधीपेक्षा खालावून घरी येतात. कुठल्या टप्प्यापर्यंत न्यायचं आणि कुठून पुढे नाही, हे ठरवून ठेवा.

पडून खुब्याचं हाड मोडलं तर? इथे लोक उलट चूक करतात आणि "आता कशाला ऑपरेशन" म्हणतात. मोडलेलं हाड तसंच ठेवलं तर कूस बदलताना, डायपर बदलताना दर वेळी जीवघेणी कळ येते. वेदना थांबवण्यासाठी केलेलं ऑपरेशन हा अट्टहास नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांना विचारताना "आई पुन्हा चालेल का?" हा प्रश्न बाजूला ठेवून "दुखणं थांबेल का?" एवढं विचारा.

चौथा प्रसंग म्हणजे हृदय थांबणं. छाती दाबून, शॉक देऊन, व्हेंटिलेटरवर घेऊन प्रगत डिमेन्शियातला माणूस परत आणणं जवळजवळ होत नाही. बरगड्या मात्र मोडतात. असा प्रयत्न करू नये, अशी नोंद कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिली आहेत. दाखल केल्या दिवशीच ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोला आणि केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं.

पायरी ५. माणसं जोडून ठेवा

सगळ्यात आधी घरी येणारा डॉक्टर शोधा. मोठ्या न्यूरोलॉजिस्टपेक्षा या टप्प्यावर गल्लीतले एमबीबीएस फॅमिली डॉक्टर जास्त उपयोगी पडतात, कारण रात्री फोन उचलतात ते तेच. त्यांना आत्ताच विचारा: "घरी गेल्या तर मृत्यूचा दाखला द्याल ना?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

मग पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. मुंबईच्या वांद्र्यातलं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यातलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, पण या जागा मुळात कॅन्सरच्या रुग्णांसाठी उभ्या राहिल्या. डिमेन्शियासाठी घरी येणारी टीम तुमच्या भागात आहे का, हे शोधावं लागतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाची मुंबईत शाखा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्हींकडे विचारून पाहा. मॉर्फिनचा प्रश्नही इथेच सुटतो. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी आशा नको.

ब्युरोतून येणाऱ्या मावशींना योजनेची कल्पना द्या. घरात एकट्या असताना घाबरून त्यांनी १०८ ला फोन लावला तर गाडी थेट कॅज्युअल्टीला जाणार, आणि तुमचे सगळे कागद कपाटात राहणार.

आणि परदेशातला भाऊ. न्यूजर्सीहून किंवा दुबईहून तो ऐन वेळी येतो, अपराधी वाटत असतं, आणि "सगळं करा, पैशाचं बघू नका" म्हणतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तब्येत बरी असतानाच डॉक्टरांसोबत एक व्हिडिओ कॉल लावा आणि बोलू द्या डॉक्टरांनाच. नंतर त्या बोलण्याचा सारांश फॅमिली ग्रुपवर टाका.

पायरी ६. एक पान

सगळं ठरलं की एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर लावा. नाव, वय, आजार, ॲलर्जी. पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला. नळी नाही, व्हेंटिलेटर नाही, छाती दाबणं नाही. ताप आला तर काय, पडल्या तर काय. लिव्हिंग विल कुठल्या कप्प्यात आहे. खाली डॉक्टरांची सही असेल तर उत्तम. दर सहा महिन्यांनी हे पान पुन्हा वाचा. आजार पुढे सरकतो तशी गोळ्यांची यादीही डॉक्टरांसमोर ठेवा. डोनेपेझिल हे डिमेन्शियात दिलं जाणारं औषध भूक मारू शकतं. ते आता हवं का, हे विचारणं रास्त आहे, पण मनाने एकदम बंद करू नका.

पायरी ७. न बोलणाऱ्याचं दुखणं ओळखा

बोलता न येणारा माणूस दुखतंय हे सांगत नाही, पण दाखवतो. डॉक्टर पाच गोष्टी बघतात: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आंघोळीच्या वेळी ओरडणं, मूठ आवळणं, कपाळाला आठी, पाय पोटाशी घेणं याला "चिडचिड" म्हणून झोपेची गोळी देण्याआधी बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, किडका दात, खांदा, बेडसोर हे बघून घ्या. दर दोन तासांनी कूस बदलणं, हवेची गादी, कोरडी त्वचा. याला पर्याय नाही. माकडहाडावरचा लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात असते.

पायरी ८. शेवटचे दिवस

झोप वाढते, घास नको होतो, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण रुग्णाला त्याचा त्रास होत नसावा असंच डॉक्टर मानतात. कुशीवर वळवलं की बऱ्याचदा ती कमी होते. या दिवसांत सलाईनचा फायदा क्वचितच होतो, सूज आणि कफ मात्र वाढू शकतात. "उपाशी मारताय का?" असं येणारे-जाणारे विचारतील. शरीर बंद पडत असताना भूक लागत नाही, हे त्यांना एकदाच शांतपणे सांगा. ओठांना व्हॅसलीन, तोंडात ओला कापूस. गंगाजल द्यायचंच तर तुळशीच्या पानाने ओठांवर थेंबभर. चमच्याने घशात ओतू नका.

पायरी ९. नंतरचं

घरी मृत्यू झाला की फॅमिली डॉक्टरांना बोलवा. ते तपासून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात, आणि ते दाखवून स्मशानभूमीचा पास मिळतो. डॉक्टर मिळाला नाही तर सरकारी रुग्णालय, पोलीस, कधी शवविच्छेदन असा फेरा लागू शकतो. म्हणून तो पाचव्या पायरीतला प्रश्न. नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीला लगेच कळवा, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. डिमेन्शिया होता हे सांगा, डोळे घ्यायचे की नाही ते पेढी ठरवेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दाखल्याच्या भरपूर प्रती काढा, आणि पेन्शनच्या बँकेला लगेच कळवा, कारण मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत घेतली जाते.